पर्यटकांकडून घेतलेला कर गावानं कसा खर्च करावा: ठरावापासून लेखापरीक्षणापर्यंत

पर्यटनाच्या गावाला पैसा दोन कामांना लागतो, बांधायला आणि चालवायला. बांधायचा पैसा कुठून ना कुठून मिळतो. 'क' वर्ग पर्यटनस्थळ किंवा तीर्थक्षेत्र म्हणून जिल्हा नियोजन समितीकडून मिळतो, प्रादेशिक पर्यटन विकास योजनेतून मिळतो, आमदार-खासदार निधीतून मिळतो. चालवायचा पैसा मात्र कोणी देत नाही. म्हणून किनाऱ्यावर काय किंवा गडाच्या पायथ्याला काय, चकचकीत टाइल्सचं स्वच्छतागृह आणि त्याच्या दाराला गंजलेलं कुलूप, हे चित्र सगळीकडे सारखंच दिसतं. इमारत योजनेनं दिली. टाकीत पाणी चढवणारा आणि रोज झाडणारा माणूस योजनेत बसत नव्हता.

गाव पर्यटकांकडून जो कर घेतं, तो या दुसऱ्या कामाचा पैसा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो कमानीचा पैसा नाही, आणि 'आय लव्ह अमुक गाव' अशा लाल अक्षरांचा तर नाहीच नाही. आता हे मत कायद्याच्या चौकटीत कसं बसवायचं, ते सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे कालपर्यंतचे ग्रामसेवक) आणि गावातले जागरूक लोक यांच्यासाठी क्रमानं लिहितो. भर ग्रामपंचायतींवर आहे. नगरपरिषदांचं वेगळं काय ते पुढे येईल.

पहिली पायरी: तुम्ही घेता ते नेमकं काय आहे, ते ठरवा

खर्चाच्या लेखात वसुलीची गोष्ट आधी कशाला, असं वाटेल. पण वसुलीच कच्ची असेल तर खर्च कितीही चोख केला तरी तो उद्या अंगाशी येतो. राज्यघटनेचं कलम २६५ एका ओळीचं आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. 'ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले' हा कायद्याचा अधिकार होत नाही. तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मधून येतो. या कलमात ग्रामपंचायतीला लावता येणाऱ्या करांची आणि शुल्कांची यादी आहे. यात्रेकरूंवरचा कर त्यात आहे, जत्रा-उत्सव-करमणुकीवरचा करही आहे. दर किती असावा आणि कर लावताना कोणत्या क्रमानं जायचं, हे १९६० च्या कर व फी नियमांत दिलेलं आहे. आधी ठराव, मग नोटीस आणि दवंडी, मग हरकतींसाठी मुदत, हरकतींवर निर्णय आणि त्यानंतर वसुली. यातला एक टप्पा गाळला की वसुली लंगडी पडते.

आता एक अडचण. यादीत यात्रेकरू आहे, पण समुद्रात डुंबायला आलेला माणूस यात्रेकरू कसा? देवस्थानाच्या गावात हा प्रश्न उठत नाही, किनाऱ्यावरच्या गावात उठतो. अशा गावानं वसुली सुरू करण्याआधी गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन घ्यावं आणि ते फाइलला लावावं. फोनवर मिळालेला 'करा, काही होत नाही' हा सल्ला लेखापरीक्षणाच्या वेळी फाइलमध्ये सापडत नाही.

दुसरी अडचण गाड्यांची. कलम १२४ ग्रामपंचायतीला सायकलींवर आणि जनावरांनी ओढायच्या वाहनांवर कर लावू देतं. मोटारगाड्यांवर नाही, तो कर राज्याचा. त्यामुळे गावाच्या तोंडाशी बांबू आडवा टाकून प्रत्येक गाडीकडून घेतलेला 'प्रवेश कर' कायद्यात कुठे बसतो ते दाखवणं कठीण आहे, आणि रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर आणखीच कठीण. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेत गाडी लावू दिली आणि त्याचं शुल्क घेतलं, ही गोष्ट वेगळी.

कर आणि शुल्क यांतला फरक खर्चाच्या दृष्टीनं मोलाचा आहे. कर देणाऱ्याला त्या बदल्यात अमुकच सेवा मिळाली पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही. शुल्क मात्र सेवेच्या बदल्यात असतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात हा फरक मांडला. पुढच्या निकालांनी त्याची धार थोडी कमी केली, तरी शुल्क आणि सेवा यांचा ढोबळ मेळ लागलाच पाहिजे, हे तत्त्व कायम आहे. म्हणजे वाहनतळाच्या शुल्कातून वाहनतळाचं सपाटीकरण, दिवे, पहारा, तिथला कचरा हा खर्च सरळ बसतो. त्याच पैशातून सभागृहाला खुर्च्या घेतल्या की प्रश्न येतो. दोन्ही रकमा पहिल्या दिवसापासून वेगळ्या लिहा.

हॉटेलच्या बिलावर आपण जीएसटी भरतो, मग गावाला त्यातून काही मिळत नाही का, असं ग्रामसभेत कोणीतरी हमखास विचारतं. थेट नाही. राज्याचा लक्झरी टॅक्स होता तो १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरून गेला, आणि तोही गावाचा नव्हताच. रिसॉर्ट आणि होमस्टे यांच्याकडून गावाच्या हक्काचं जे येतं ती घरपट्टी. गंमत अशी, की पर्यटकामागे पाच-दहा रुपयांसाठी भांडणारी ग्रामपंचायत कधीकधी बारा खोल्यांच्या रिसॉर्टची नोंद नमुना ८ मध्ये 'राहतं घर' म्हणून चालवत असते. कर आकारणी नोंदवही आधी दुरुस्त करा. त्यासाठी रस्त्यावर टेबल टाकावं लागत नाही.

दुसरी पायरी: पैसा ग्रामनिधीत जातो, म्हणून त्याला वेगळं शीर्ष द्या

ग्रामपंचायतीची सगळी मिळकत कायद्यानं एकाच ग्रामनिधीत जमा होते. यात्रा कर पर्यटनावरच खर्च करा, असं आपला कायदा सांगत नाही. तो पैसा घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारफी यांच्यात मिसळला, की मार्चमध्ये वीजबिलाच्या थकबाकीत गेला की पर्यटकांच्या सोयीत, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

उपाय साधा आहे. अंदाजपत्रकात, म्हणजे नमुना १ मध्ये, जमेच्या बाजूला या कराचं स्वतंत्र शीर्ष (म्हणजे हिशोबातलं वेगळं सदर) आणि खर्चाच्या बाजूलाही स्वतंत्र शीर्ष ठेवा. पावती 'कर व फी'च्या नमुना १० मध्येच द्या. वसुली रोज रोकडवहीत चढवून बँकेत भरा. पावती पुस्तकांची छपाई, क्रमांक, कोणाला कोणतं पुस्तक दिलं आणि परत कधी आलं, याची साठा नोंद ठेवा. लेखापरीक्षक सर्वात आधी हीच नोंद मागतो, कारण गळती इथेच असते. पुस्तक क्रमांक १४ आणि १६ परत आलं, मधलं १५ कुठे आहे, या प्रश्नाला 'पावसात भिजलं' हे उत्तर चालत नाही.

क्यूआर कोड लावला असेल तर तो ग्रामपंचायतीच्या बँक खात्याशीच जोडलेला हवा. टेबलावर बसलेल्या मुलाच्या किंवा सदस्याच्या मोबाइलचा कोड 'तात्पुरता' म्हणून लावला जातो आणि आख्खा हंगाम तसाच राहतो. पैसे इमानदारीनं भरले तरी तो हिशोब कागदावर कधीच स्वच्छ होत नाही.

तिसरी पायरी: खर्चाचा क्रम ठरावातच लिहा

कायदा बांधून घालत नाही, तर गावानं स्वतःला बांधून घ्यावं. कर लावण्याच्या ठरावाबरोबरच त्याच्या विनियोगाचा ठराव ग्रामसभेत घ्या. वसुली सुरू झाल्यावर हा विषय काढला, तर तोपर्यंत प्रत्येक वाडीचा त्या पैशावर डोळा असतो. मसुदा साधारण असा ठेवता येईल:

"यात्रा करापासून मिळणारी रक्कम ग्रामनिधीत स्वतंत्र शीर्षाखाली दर्शवावी. नियमानुसार राखून ठेवावयाच्या रकमा वजा जाता उरलेल्या रकमेतून पुढील क्रमाने खर्च करावा: (१) स्वच्छतागृहांची रोजची साफसफाई, पाणी व मैला उपसा, (२) पर्यटकांमुळे होणाऱ्या कचऱ्याचे संकलन व वाहतूक, (३) धोक्याच्या ठिकाणी सुरक्षारक्षक, दोर, फलक व प्रथमोपचार, (४) आहे त्या सुविधांची दुरुस्ती. या चारही बाबींची वर्षभराची तरतूद झाल्याशिवाय या शीर्षातून नवीन बांधकाम घेऊ नये. दरमहा जमाखर्च पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत कार्यालयाच्या व वसुलीच्या ठिकाणच्या फलकावर लावावा."

सूचक, अनुमोदक, मंजुरी हे सगळं नेहमीप्रमाणे. उद्याची ग्रामसभा हा ठराव दुसऱ्या ठरावानं बदलू शकते, हे खरं. पण त्यासाठी कोणाला तरी सगळ्यांसमोर उभं राहून 'स्वच्छतागृहाचे पैसे कमानीला द्या' असं म्हणावं लागेल. गावात हे म्हणणं वाटतं तितकं सोपं नसतं.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. मेची सभा उन्हाळी हंगामात येते, ऑक्टोबरची दिवाळीच्या गर्दीआधी. या करासाठी दोन्ही सभांच्या विषयपत्रिकेत कायमचा विषय ठेवावा.

चौथी पायरी: सक्तीचे वाटे आधी बाजूला काढा

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. दिव्यांगांचा वाटा आधी ३ टक्के होता, २०१८ मध्ये तो ५ झाला. शिवाय जिल्हा ग्रामविकास निधीची ०.२५ टक्के वर्गणी. यात्रा कर हे स्वउत्पन्नच, त्यामुळे तो या हिशोबात धरावा लागतो.

इथे एक पळवाट सुचवली जाते: महिलांसाठी स्वच्छतागृह म्हणजे महिला कल्याणच, मग त्याचा खर्च १० टक्क्यांतून टाका. या वाट्यांतून काय घेता येतं याच्या याद्या शासन निर्णयांत आहेत आणि त्यांचा रोख गावातल्या लाभार्थींवर आहे. पर्यटकांसाठीची सोय तिथे घुसवली तर आक्षेप निघण्याची शक्यता मोठी. आणि तो नाही निघाला तरी गावातल्या बायकांच्या शिलाई यंत्रांचे किंवा अंगणवाडीचे पैसे मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांवर गेले, याला न्याय म्हणता येणार नाही.

पाचवी पायरी: उरलेल्याचा खरा हिशोब मांडा

इथे जरा थांबू, कारण बहुतेक गावांचा अंदाज इथेच चुकतो. एक कल्पित गाव घेऊ. वर्षाला ४०,००० पर्यटक कर भरतात, दर माणशी १० रुपये. जमा ४ लाख. ऐकायला बरं वाटतं.

त्यातून १५ टक्के म्हणजे ६०,००० गेले, १० टक्के म्हणजे ४०,०००, ५ टक्के म्हणजे २०,००० आणि वर्गणीचे १,०००. एकूण १ लाख २१ हजार बाजूला. राहिले २ लाख ७९ हजार.

कर गोळा कोण करणार? शनिवार, रविवार आणि सुट्ट्या मिळून ११० दिवस धरा, दोन माणसं, ५०० रुपये रोज. १ लाख १० हजार झाले. राहिले १ लाख ६९ हजार.

स्वच्छतागृहावर एक माणूस, महिना १०,००० म्हणजे वर्षाचे १ लाख २० हजार. राहिले ४९ हजार. शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक वर्षातून तीनदा उपसायचा, प्रत्येक वेळी ५,०००. राहिले ३४ हजार. दर सोमवारी कचऱ्याची जास्तीची एक खेप, ५०० रुपये, ५२ आठवडे, २६,०००. राहिले ८ हजार. त्यात पावती पुस्तकं, फिनेल, झाडू, बल्ब, तुटलेला नळ.

बस, संपले. कमान नाही, सेल्फी पॉइंट नाही, हायमास्ट नाही. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, पण हीच बेरीज-वजाबाकी तुमच्या आकड्यांनी करून ग्रामसभेत फळ्यावर मांडा. 'पर्यटन कराचे लाखो रुपये जातात कुठे' या चर्चेतली निम्मी हवा तिथेच निघते. उरलेली निम्मी खरी असेल, तर तीही तिथेच दिसते.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट कळते. करातला चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा कर गोळा करण्यातच जातो. तो कमी करायचा असेल तर वसुली वाहनतळाच्या जागीच करा, म्हणजे तीच दोन माणसं गाड्या लावून घेतील आणि पावतीही देतील. काही गावं हे काम लिलावानं मक्त्यावर देतात. एकरकमी पैसे हातात येतात, रोजची कटकट जाते. पण मक्तेदाराला त्याची रक्कम वसूल करायची असते. पर्यटकाशी हुज्जत तो घालतो, बदनामी गावाची होते, आणि नेमके किती लोक आले हा आकडा गावाला कधीच कळत नाही. आकडा नसेल तर पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक कशावर करणार? वाहनतळाच्या शुल्कापुरता मक्ता एकवेळ चालेल. माणशी कर स्वतःच घ्यावा.

पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना वित्त आयोगाचा हातभार लागतो, हे विसरू नका. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या ग्रामपंचायत अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित होती, ती पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. घनकचऱ्याची शेड, सांडपाण्याची नाली असली भांडवली कामं तिथून करा आणि गावाच्या विकास आराखड्यात ती पर्यटकांची गर्दी धरून मांडा. गावची लोकसंख्या १,२०० आणि रविवारी माणसं ३,००० असतील, तर १,२०० डोक्यांसाठी काढलेली टाकी रविवारी दुपारी कोरडी पडणारच.

सुरक्षिततेचा खर्च

ठरावाच्या मसुद्यात याला तिसरा क्रमांक दिला, तरी पावसाळी गर्दीच्या गावांनी तो पहिला करावा. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, तोही रविवारच. फलक लावून भागत नाही, तिथे माणूस उभा करावा लागतो. शिट्टी, दोर, लाइफ जॅकेट आणि 'पुढे जायचं नाही' असं ठणकावून सांगू शकणारा गावातलाच धट्टाकट्टा तरुण. पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी त्याची मजुरी देण्याइतका चांगला उपयोग या कराचा दुसरा नाही. त्याच्या नेमणुकीचा ठराव, हजेरीपट आणि मजुरीची पावती मात्र नीट ठेवा. खर्च कितीही योग्य असला तरी प्रमाणकाशिवाय, म्हणजे व्हाउचरशिवाय, तो मान्य होत नाही.

जागा कोणाची, ते बघून मगच खर्च

पैसा तुमचा, पण जागा तुमची नसेल तर खर्च अडकतो. चार मालक नेहमी भेटतात.

किल्ला किंवा लेणं केंद्र संरक्षित असेल, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. २०१० च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. गडाच्या दरवाजाशेजारी ग्रामपंचायतीनं हौसेनं बांधलेलं पक्कं स्वच्छतागृह पाडावं लागलं, तर तो खर्च वाया गेला म्हणून कोणाकडून वसूल होईल, याचा विचार आधी करा. आत तिकीट असेल तर ते पुरातत्त्व खात्याचं, त्यातून गावाला वाटा नाही. पायथ्याचं वाहनतळ, पिण्याचं पाणी आणि कचरा ही तुमची जागा.

किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेत तात्पुरत्या पर्यटन सुविधांना, म्हणजे स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, पिण्याचं पाणी, बसायची सोय यांना भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर ठेवून जागा दिली आहे. तुमच्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा बघूनच पुढे जा. अशा ठिकाणी करातून सिमेंट ओतण्यापेक्षा हलवता येणारी फायबरची युनिट घेणं शहाणपणाचं. पावसाळ्यात उचलून ठेवता येतात.

वनजमीन असेल तर तिथे येणारं प्रवेश शुल्क बहुधा संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या खात्यात जातं. गाव तेच, माणसंही पुष्कळदा तीच, पण खातं वेगळं. एका खात्यातून दुसऱ्या खात्याचा खर्च भागवू नका. वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी बसून कोणता खर्च कोणाचा, हे लेखी वाटून घ्या: पायवाट आणि वणवा समितीचा, वस्तीतला कचरा ग्रामपंचायतीचा, असं काहीतरी.

चौथा मालक देवस्थानाचा न्यास, आणि इथे घटनाच आड येते. कलम २७ म्हणतं, की ज्याचं उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी किंवा देखभालीसाठी राखून ठेवलं आहे, असा कर द्यायची सक्ती कोणावर करता येणार नाही. यात्रेकरूंसाठी पाणी, दर्शनबारीवर सावली, आरोग्य पथक, दिवे, निर्माल्याची विल्हेवाट हा सगळा नागरी सोयींचा खर्च आहे आणि तो जरूर करावा. गाभाऱ्याची फरशी, कळस, उत्सवमूर्तीची पालखी हा न्यासाचा खर्च. 'देवामुळेच तर कर येतो' हे ग्रामसभेतलं वाक्य कितीही टाळ्या घेवो, त्याच्या जोरावर बिल काढू नका. आणि न्यासाच्या दानपेटीतून येणारा पैसा यात्रा कराच्या शीर्षात दाखवू नका.

नगरपरिषदेत काय वेगळं

नगरपरिषदांना १९६५ चा अधिनियम लागतो. तीर्थक्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूंवर कर लावण्याची तरतूद त्यातही आहे, पण प्रक्रिया जास्त काटेकोर आहे: सभेचा ठराव, नियमांची प्रसिद्धी, हरकती आणि वरची मंजुरी. माथेरानला दस्तुरी नाक्यावर किंवा महाबळेश्वरच्या नाक्यांवर जो प्रवासी कर आपण भरतो, तो परिषदेच्या एकत्रित निधीत जातो. म्हणून स्वतंत्र शीर्षाचा आग्रह तिथेही तितकाच लागू. परिषदेचे पगार आणि निवृत्तिवेतन इतके मोठे असतात, की पर्यटकांचा पैसा त्यात नकळत वाहून जातो.

या दोन्ही गावांना आणखी एक कुंपण आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पैसा हाताशी असला तरी रस्ता रुंद करणं, डोंगर कापून वाहनतळ काढणं मनासारखं होत नाही, आणि होऊही नये. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर काय घालायचं, क्ले पेव्हर ब्लॉक की नुसती माती, यावरून गावातच किती वर्षं वाद चालला! अशा ठिकाणी कराचा खरा उपयोग रोजच्या कामात आहे: घोड्यांची लीद उचलणं, पावसात वाहून जाणारी माती अडवणं, पॉइंटांवरच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं खाली आणणं.

पंढरपूर, आळंदीसारख्या ठिकाणी यात्रेच्या खर्चासाठी राज्याचं यात्रा अनुदान येतं. त्याचा हिशोब वेगळा ठेवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते स्थानिक कराच्या पैशात मिसळू नये.

ठरवणार कोण

परदेशातली दोन उदाहरणं इथे उपयोगी पडतील. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हॉटेलवरच्या कराचा पैसा पर्यटनाशी संबंधित कामांवरच खर्च करायचा, असं कायदाच सांगतो. ५,००० किंवा जास्त लोकसंख्येच्या गावा-शहरांना त्यासाठी सल्लागार समिती नेमावी लागते. समितीत कर गोळा करणारे हॉटेलवाले आणि त्या पैशावर हक्क सांगू शकणाऱ्या संस्था सारख्या संख्येनं असतात, अध्यक्ष लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी. कोणाला पैसे द्यायचे, याची निवड शहराला समितीच्या यादीतूनच करावी लागते. स्पेनच्या बालेआरिक बेटांवर २०१६ पासून असा कर आहे, आणि प्रकल्प निवडणाऱ्या मंडळात नगरपालिका, व्यावसायिक, कामगार संघटना आणि पर्यावरण संस्था एकत्र बसतात.

आपल्याकडे अशी सक्ती नसली तरी दार बंद नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामसभा ग्रामविकास समित्या नेमू शकते. त्यांतलीच एक या विषयाची करा. होमस्टेवाला एक, खानावळ चालवणाऱ्या बचत गटाची एक ताई, एखादा बोटवाला किंवा घोडेवाला, सफाईचं काम करणारं कोणीतरी, आणि ज्याचा पर्यटनाशी काडीचा संबंध नाही असा एक शेतकरी. हा शेवटचा फार महत्त्वाचा. रविवारी त्याच्या बांधावर गाड्या लागतात, त्याच्या विहिरीचं पाणी हॉटेलं ओढतात, आणि फायदा मात्र त्याला शून्य असतो. त्याला समितीत घेतलं की 'आधी सोयी पर्यटकांना की गावाला' हा वाद चव्हाट्यावर होण्याऐवजी टेबलावर होतो. समितीनं शिफारस करायची, ठराव ग्रामपंचायतीचा, पैसे काढायची सही नेहमीच्याच दोघांची, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची.

गावकऱ्यांनी काय मागायचं

वसुलीच्या टेबलापाशी ठराव क्रमांक, तारीख आणि दर लिहिलेला फलक नसेल तर पहिली विचारणा तिथूनच करा. मग ग्रामसभेत चार कागद मागा: कर लावल्याचा ठराव, विनियोगाचा ठराव, अंदाजपत्रकातलं या शीर्षाचं पान, आणि महिन्यावार जमाखर्च. तोंडी मिळत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवसांची. अर्ज 'पर्यटन कराची सर्व माहिती' असा मोघम लिहू नका. वर्ष, शीर्ष आणि नोंदवहीचं नाव लिहून नक्कल मागा, म्हणजे 'माहिती विस्तृत आहे' या उत्तराला जागा राहत नाही.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल मागताना त्यातल्या आक्षेपांवर ग्रामपंचायतीनं केलेलं अनुपालनही, म्हणजे दिलेलं उत्तरही, मागून घ्या. आक्षेप दरवर्षी तोच असतो आणि अनुपालनात दरवर्षी 'यापुढे दक्षता घेण्यात येईल' असं लिहिलेलं असतं. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून हे वाक्य सापडलं, तर ते पान घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे जा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.